वारा सुटला की घरातले दिवे नाचतात. काय करावं?

सुरंगी
नमस्कार मंडळी. पेडणे तालुक्यात समुद्रापासून फार लांब नसलेलं आमचं जुनं कौलारू घर. अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा आहे म्हणे. परवापासून आभाळ भरलंय, वारा आहे, मध्येच सर येते. डिसेंबरातला पाऊस म्हणजे आंब्याच्या मोहराची वाट, पण ते रडगाणं वेगळ्या धाग्यावर. आत्ता प्रश्न विजेचा.

लाइट पूर्ण जात नाही. गेली असती तर परवडलं असतं, मेणबत्ती लावून गप्प बसलो असतो. दिवे नुसते नाचतात. वाऱ्याचा झोत आला की स्वयंपाकघरातला दिवा मंदावतो, फ्रिज घूंऽऽ करतो, आणि नेमका त्याच वेळी बाहेरच्या खोलीतला जुना पिवळा बल्ब बघवत नाही इतका पेटतो. मगाशी वाटण करायला मिक्सर लावला तर तो बल्ब आणखीनच उजळला! सासूबाईंच्या मते घराला दृष्ट लागलीय.

विहिरीच्या पंपासाठी आमच्याकडे थ्री फेज आहे. शेजाऱ्यांकडे सिंगल फेज, त्यांचं सगळं ठीक चाललंय. हे वादळामुळे की घरातलं काही? वादळ सरेपर्यंत थांबावं का? फ्रिजमध्ये सासूबाईंचं इन्सुलिन आहे आणि सकाळीच घेतलेली इसवणही (सुरमई), त्यामुळे जीव खालीवर होतोय.

फोंड्याचा_भाऊ
इसवण काय भावाने मिळाली ते आधी सांगा. :)
बाकी फ्रिजला स्टॅबिलायझर लावा, प्रश्न मिटला.

तारवाला
सुरंगीताई, पुढचं नंतर वाचा. आधी उठा आणि मीटरजवळचा मेन स्विच बंद करा. हात कोरडे, पायात रबरी चप्पल. मेन स्विचचा डबा गरम लागत असेल, जळका वास येत असेल किंवा आत चरचर ऐकू येत असेल तर त्याला हात न लावता सगळ्यांना घेऊन बाजूला व्हा आणि फोन करा. तसं काही नसेल तर बंद करा आणि मग इथे येऊन लिहा.

भाऊ, स्टॅबिलायझरने हा प्रश्न मिटणारा नाही. उलट आधी तोच जळेल.

सुरंगी
बंद केला. वास वगैरे काही नाही. आता काळोखात मोबाइलवर लिहितेय. काय झालंय काका? घाबरवलंत हं.

तारवाला
घाबरवायलाच लिहिलं होतं. आता निवांत सांगतो. नोकरीची सगळी वर्षं तारा आणि खांब यांच्यातच गेली, त्यामुळे लांबण लागेल, सांभाळून घ्या.

तुमच्या घरात तीन फेज आणि एक न्यूट्रल अशा चार तारा येतात. प्रत्येक फेज आणि न्यूट्रल यांच्यात साधारण २३० व्होल्ट असतात, पण दोन फेजमध्ये सुमारे ४००. स्वयंपाकघर एका फेजवर, बाहेरची खोली दुसऱ्या फेजवर. न्यूट्रल पक्का आहे तोवर दोघांना आपापले २३० मिळतात आणि एकाचा दुसऱ्याला त्रास नाही.

न्यूट्रलचा सांधा सैल झाला की ही वाटणी मोडते. मग तुमचा मिक्सर आणि तुमचा बल्ब एकापाठोपाठ एक जोडल्यासारखे त्या ४०० व्होल्टांच्या मध्ये अडकतात. जो जास्त करंट ओढतो त्याच्या वाट्याला कमी व्होल्टेज, जो कमी ओढतो त्याच्या वाट्याला जास्त. म्हणून मिक्सर लावला की बल्ब उजळतो. एक दिवा मंद आणि दुसरा त्याच क्षणी प्रखर, हे दिसलं की मी दुसऱ्या कशाचाही विचार करत नाही. वाऱ्याने खांबावरून घरात येणारी सर्व्हिस वायर हलते, सांधा टेकतो, सुटतो, पुन्हा टेकतो. तेच तुमचं नाचणं. सांधा पूर्ण सुटला तर हलक्या लोडच्या खोलीत ३५० च्या वरसुद्धा जाऊ शकतं. टीव्ही, सेटटॉप बॉक्स, राउटर, मोबाइलचे चार्जर क्षणात जातात.

हे वादळाने केलं असं मी म्हणणार नाही. सांधा आधीपासून कुजत असणार. अ‍ॅल्युमिनियमची तार तांब्याला नुसती पिळून जोडलेली असते. त्यात समुद्राची खारी हवा, मग पांढरी भुकटी धरते, सांधा तापतो, तापून आणखी सैल होतो. वाऱ्याने फक्त चुगली केली.

शेजाऱ्यांचं ठीक आहे याचा अर्थ दोष ट्रान्सफॉर्मरकडे नाही. तुमच्या खांबावरच्या जोडापासून तुमच्या मेन स्विचपर्यंत कुठेतरी आहे. मीटरपर्यंतचं काम लाइनमनचं, मीटरनंतरचं परवानाधारक वायरमनचं. १९१२ वर तक्रार नोंदवा आणि ‘लाइट गेली’ असं सांगू नका. ‘न्यूट्रल सैल आहे, थ्री फेज घर आहे, मेन बंद करून बसलोय’ असं सांगा. शब्द नेमके असले की माणूस लवकर निघतो, हा माझा पलीकडच्या बाजूचा अनुभव.

आबोली
बाप रे. वाचनखूण साठवली.
काका, पण एमसीबी का नाही पडला? आम्हाला तर सांगितलं होतं की एमसीबी असला की काळजी नाही.

तारवाला
एमसीबीला व्होल्टेज कळत नाही, त्याला करंट कळतो. शॉर्ट झालं किंवा लोड जास्त झाला की पडतो. ३०० व्होल्ट आले तरी तो ढिम्म. सर्ज प्रोटेक्टरचंही तेच. वीज कडाडल्यावर क्षणार्धाचा जो झटका येतो त्यासाठी तो असतो. मिनिटभर चढं व्होल्टेज राहिलं तर तो स्वतःच जळतो. या आजारावर औषध म्हणजे ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर. व्होल्टेज ठरल्या मर्यादेबाहेर गेलं की तो घराची लाइन तोडतो, आणि स्थिरावलं की थोडा वेळ थांबून पुन्हा जोडतो.

कुळागर
इन्सुलिनचं कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. चालू असलेलं पेन मात्र बहुतेक प्रकारांत साधारण चार आठवडे खोलीच्या तापमानाला चालतं, ३० अंशांच्या आत. आपल्या औषधाच्या कागदावर नेमकं लिहिलेलं असतं, ते वाचा. डिसेंबरातली रात्र आहे, चिंता नको. बर्फाला थेट टेकवून मात्र ठेवू नका, गोठलेलं इन्सुलिन वाया जातं.

इसवणीचं म्हणाल तर दार उघडू नका. बंद फ्रिज चारेक तास थंडी धरतो. फ्रीझर गच्च भरलेला असेल तर दोन दिवस निघतात, अर्धा असेल तर एक. दर पाच मिनिटांनी उघडून ‘विरघळली काय गो’ बघणारी माणसं घरात असतील तर हे हिशेब विसरा.

मांडवीकाठ
आमचं वेगळं आहे. पणजीजवळ फ्लॅट. सगळ्या इमारतीचे दिवे एकदम मिचकतात, दोन-तीन वेळा, आणि मग लाइट जाते. पाच मिनिटांनी येते. हाही न्यूट्रल का?

तारवाला
नाही. सगळ्यांचं एकदम आणि सारखंच होतं म्हणजे ते वर ११ केव्हीच्या फीडरवर, म्हणजे सबस्टेशनातून येणाऱ्या ११ हजार व्होल्टांच्या लाइनवर. माडाची ओली झावळ किंवा बांबू तारेला लागतो, सबस्टेशनातला ब्रेकर पडतो, थोड्या वेळाने पुन्हा चढवून बघतात. फांदी खाली पडली असेल तर टिकतो, लोंबत असेल तर पुन्हा पडतो. त्यात तुमच्या घरात दुरुस्त करण्यासारखं काही नाही. फ्रिज आणि एसी बंद ठेवा. कॉम्प्रेसर थांबल्यावर आतला गॅसचा दाब उतरायला तीनेक मिनिटं लागतात. त्याआधी लाइट येऊन तो चालू व्हायला गेला की अडकतो आणि तापतो. वेळ लावणारा स्टॅबिलायझर इथे उपयोगी, तेव्हा भाऊंचा सल्ला अगदीच वाया नाही.

आणि एकाच खोलीतला एकच दिवा फडफडत असेल तर स्विच किंवा होल्डर बघा. आधी कोणाचं फडफडतंय ते बघायचं, मग कोणाला बोलवायचं ते ठरतं. एलईडीवर मात्र विसंबू नका. चांगला एलईडी १०० व्होल्टांपासून ३०० पर्यंत तोंडावरची माशी हलू देत नाही. सुरंगीताईंकडे पिवळा बल्ब होता म्हणून कळलं. असा एखादा घरात ठेवाच.

भिकणां
सांखळीहून. आमच्याकडे वारा नाही, पाऊस नाही, तरी डिसेंबर-जानेवारीत पहाटे धुकं पडलं की दिवे लुकलुकतात. खांबावर चर्रर्र असा आवाजही येतो. उन्हं वर आली की सगळं गप्प. याला कोणतं वादळ म्हणायचं?

तारवाला
वा, चांगलं टिपलंत. पावसाळ्यानंतर खांबावरच्या चिनी मातीच्या इन्सुलेटरवर धूळ साचत जाते, किनाऱ्याकडे मीठ. कोरडं असेपर्यंत त्रास नाही. धुकं किंवा दव पडलं की त्या थराचा ओला लेप होतो आणि त्यावरून करंट गळायला लागतो. तुम्ही ऐकता तो आवाज त्याचा. मुसळधार पाऊस इन्सुलेटर धुऊन काढतो, भुरभुर पाऊस आणि धुकं मात्र फक्त भिजवतं. म्हणून पहिल्या शिंतोड्यांना लाइट जाते आणि आषाढातल्या झोडपणाऱ्या पावसात कधीकधी टिकते. लोक म्हणतात ‘चार थेंब पडले आणि लाइट घालवली’. ते चार थेंबच वाईट. आवाज रोज एकाच खांबावरून येत असेल तर खांबाचा नंबर टिपून कळवा.

फोंड्याचा_भाऊ
एवढं सगळं सांगण्यापेक्षा तारा जमिनीखाली घाला म्हणावं. माड, वारा, धुकं, सगळ्यांची कटकट संपली. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते आलं तेव्हा खांब काडेपेटीतल्या काड्यांसारखे आडवे झाले होते. कित्येक गावं दिवसच्या दिवस अंधारात, आणि तेही कोविडच्या ऐन लाटेत. विसरलात?

रातांबा
विसरलो नाही भाऊ, पण जमिनीखाली गेलं म्हणजे सुटलो असं नाही. आमच्या वाड्यावर केबल घातली. जोडात पाणी शिरलं तेव्हा दोष कुठे आहे हे शोधण्यातच सगळा वेळ गेला. वरची तार तुटली तर निदान डोळ्यांना दिसते. शिवाय नंतर कुणीतरी नळासाठी खणतो, कुणी इंटरनेटसाठी, आणि केबलला फावडं लागतं. माझं मत, माडांच्या वाड्यांत निदान उघड्या तारा काढून पिळाची इन्सुलेटेड केबल घालावी. झावळ पडली तरी शॉर्ट होत नाही, आणि भूमिगत केबलीएवढा खर्चही नाही.

आबोली
रातांबा +१. आणि झाडं छाटणं म्हणजे फक्त मे महिन्याचं काम, हा समज जायला हवा. अरबी समुद्रात वादळांचे दोन हंगाम. एक पावसाळ्याच्या तोंडावर, दुसरा ऑक्टोबर ते डिसेंबर. फयान २००९ च्या नोव्हेंबरात, क्यार २०१९ च्या ऑक्टोबरात, ओखी २०१७ च्या डिसेंबरात. ओखी तर गोव्यावर आलंही नव्हतं, लांबून गेलं, तरी समुद्र चढून शॅकमध्ये शिरला. पावसाळा संपला की फांद्या मोकाट वाढतात, त्या दसऱ्यानंतर एकदा बघायला नकोत?

बर्फातला_गोंयकार
मी मूळचा डिचोलीचा, सध्या माँट्रियलला. न्यूट्रलचं वाचून हसू आलं, कारण इथेही हिवाळी वादळात हीच गंमत होते. इथल्या घरांत १२०-१२० व्होल्टांच्या दोन बाजू आणि मध्ये न्यूट्रल. बर्फाच्या वजनाने सर्व्हिस वायर ताणली जाते, न्यूट्रल निसटतो, अर्धं घर मंद आणि अर्धं प्रखर. आमच्या मालकीणबाईंना वाटलं बल्बच खराब आलेत.

इथली जुनी माणसं १९९८ च्या जानेवारीबद्दल अजून बोलतात. थंडीतला पाऊस तारांवर पडून जागीच गोठत गेला, त्या वजनाने हजाराच्या आसपास मोठे मनोरे कोसळले, लाखो लोक अंधारात आणि थंडीत. काही ठिकाणी वीज यायला महिना लागला. अशा वेळी थंडीपेक्षाही एक गोष्ट गुपचूप मारते, ती म्हणजे घरात किंवा गॅरेजमध्ये चालवलेला जनरेटर. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. गोव्यात आता घरोघरी छोटे जनरेटर दिसतात, म्हणून लिहिलं. बल्कांवात (ओसरीवर) सुद्धा लावू नका. उघड्यावर, दार-खिडकीपासून लांब.

तारवाला
फार मोलाचं लिहिलंत. त्यात माझी एक भर. जनरेटरची वायर दोन्हीकडे पिना लावून सरळ भिंतीतल्या सॉकेटात खुपसणारे लोक आहेत. तो करंट मीटरमधून उलटा तारेवर जातो, ट्रान्सफॉर्मरमधून चढून ११ केव्ही होतो, आणि लाइन बंद आहे समजून खांबावर चढलेला माणूस शॉक लागून खाली पडतो. चेंजओव्हर स्विच (एका वेळी लाइन किंवा जनरेटर, एकच जोडणारा) नसेल तर जनरेटर घरच्या वायरिंगला जोडूच नका. फ्रिजची पिन थेट त्याच्यात घाला.

मांडवीकाठ
आम्ही गच्चीवर सोलर बसवलंय, त्यामुळे लाइट गेली तरी दिवसा चालेल असं वाटलं होतं. वादळात उन असूनही बंद पडतं. फसवलं का आम्हाला?

रातांबा
फसवलं नाही, नीट सांगितलं नाही. ग्रिडला जोडलेला साधा सोलर इन्व्हर्टर लाइन गेली की मुद्दाम बंद होतो, तारवालाकाकांनी वर सांगितलेल्या कारणासाठीच. लाइट गेल्यावरही हवा असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते.

साध्या इन्व्हर्टरबद्दलही सांगतो, कारण दुकानदार ‘पूर्ण रात्र निघते’ म्हणून गुंडाळतात. १२ व्होल्टांची १५० एएच बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. बॅटरी तळापर्यंत उतरवायची नसते, शिवाय इन्व्हर्टरही थोडं खातो. हातात हजारेक धरा. जुना पंखा ७५ वॅट, नवा बीएलडीसी ३० च्या आसपास. तीन नवे पंखे, चार एलईडी आणि राउटर मिळून १३० ते १४०, म्हणजे सात-साडेसात तास. जुने पंखे असतील तर चारही निघणार नाहीत. दुसरी बॅटरी घेण्याआधी पंखे बदला.

आणखी एक. इन्व्हर्टरच्या मागे छोटा स्विच असतो, एका बाजूला यूपीएस मोड. वादळाच्या दिवसांत तो यूपीएसवर ठेवा. मग साधारण १८० च्या खाली किंवा २६० च्या वर गेलं की तो बॅटरीवर जातो. दुसऱ्या मोडमध्ये २९० पर्यंत तसंच आत सोडतो. दिवे सारखे नाचत असतील तर इन्व्हर्टरची मेन लाइन बंद करून सरळ बॅटरीवर चालवा, नाहीतर रात्रभर टिक-टिक आणि रिले खलास. टर्मिनलवर हिरवी-पांढरी बुरशी धरली असेल तर तारा काढून गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुवा, कोरडं करा, वर व्हॅसलिन.

भिकणां
अर्थिंगबद्दल कुणी सांगेल का? आमच्या जुन्या घरात फ्रिजला हात लावला की मुंग्या येतात. पावसाळ्यात नाही, आत्ताच.

तारवाला
जांभ्या दगडाची जमीन. पावसाळ्यात ओली असते म्हणून करंट मुरतो, ओल गेली की अर्थिंग नावापुरतं राहतं. अर्थ पिटात पाणी घालत जा, कोळसा-मीठ जुनं झालं असेल तर नवा खड्डा करून घ्या. पण मुंग्या येतात म्हणजे फ्रिजमध्ये गळती आहे, ती आधी बघा. तोवर त्याला ओल्या हाताने आणि अनवाणी शिवू नका. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती झाली की लाइन तोडणारा स्विच, बसवा. खराब अर्थिंगवर एमसीबी पडणार नाही, हा पडेल. महिन्यातून एकदा त्याचं टेस्टचं बटण दाबून बघा.

सुरंगी
सगळ्यांना देव बरें करूं. आज दुपारी लाइनमन आला. काका, तुम्ही सांगितलं तेच निघालं. खांबावर आमच्या न्यूट्रलचा पिळाचा जोड होता, हात लावल्याबरोबर सुटून आला. आत नुसती पांढरी भुकटी, आणि एका बाजूने तार काळी. त्याने चकचकीत घासून दाबाचा कनेक्टर बसवला. मग मीटरजवळचा डबा उघडून तिथलेही स्क्रू आवळले. मल्टिमीटरवर तिन्ही फेज दाखवले, २३१, २३४, २३२. मिक्सर लावला, बल्ब जागचा हलला नाही. फ्रिज सुखरूप. सेटटॉप बॉक्सचा अ‍ॅडाप्टर गेला, सासूबाईंची मालिका चुकली, त्याचं दुःख इन्सुलिनपेक्षा मोठं आहे.

तो प्रोटेक्टर घ्यायचाय. थ्री फेजचा वेगळा असतो का? आणि जुन्या लाकडी बोर्डावर चार किटकॅट फ्यूज आहेत, ते राहू दिले तर चालतील?

तारवाला
थ्री फेजचा वेगळाच असतो, चार पोलचा. तुमच्या मंजूर लोडला पुरेल असा घ्या. वरची मर्यादा २७० च्या आत, खालची १८० च्या आसपास, आणि पुन्हा जोडायचा वेळ तीन मिनिटांवर ठेवा म्हणजे फ्रिजही वाचेल. वायरमनकडूनच बसवून घ्या.

चार फ्यूज म्हणालात. तीन फेजचे तीन, मग चौथा कशाचा? न्यूट्रलमध्ये फ्यूज असेल तर तो उद्याच काढून तिथे पक्की लिंक घालायला सांगा. तो फ्यूज उडाला की खांबावरचा जोड सुटल्यावर जे झालं तेच पुन्हा होणार, आणि या वेळी वाऱ्याचीही गरज नाही. जुन्या घरांत हे सर्रास सापडतं.

रातांबा
अरे देवा. आमच्या पण बोर्डावर चार आहेत. आत्ता उघडून बघतो.

तारवाला
मेन बंद करून. आणि दिवसा.